एवढं घर असताना गाडीत?

कॅराव्हॅनचा मोठा फायदा काय, तर कुणाकडे जाऊन पडावं लागत नाही. हे वाक्य आमच्या ह्यांचं. आपलं अंथरूण, आपली शेगडी, आपला संडास. नातेवाइकांकडे जायचं, तासभर बसायचं, चहा घ्यायचा आणि रात्री आपल्या घरी येऊन झोपायचं. ते घर तेवढं त्यांच्या दारात उभं असेल, एवढाच फरक. त्यांना त्रास नाही, आपल्याला संकोच नाही. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाने अंदाजपत्रक मांडावं तसं हे सगळं ह्यांनी मला मांडून दाखवलं. खात्यातल्या अंदाजपत्रकांचं पुढे जे होतं, ते ह्याचंही झालं.

ह्यांच्या डोक्यात ही कॅराव्हॅन शिरली ती २०२१ साली. राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्या बातमीचं कात्रण आमच्या फ्रीजच्या दारावर लागलं. पूर्वी तिथे दुधाचा हिशेब असायचा. मग ह्यांनी ‘अभ्यास’ सुरू केला. त्यात ह्यांना एक स्कॉटिश डॉक्टर सापडला, गॉर्डन स्टेबल्स नावाचा. नौदलातून निवृत्त झालेला. त्याने १८८५ साली केवळ हौसेखातर एक राहती गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि इंग्लंडातून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. १,३०० मैल! बरोबर कोचमन, नोकर, एक कुत्रा आणि एक पक्षी. गाडीचं वजन दोन टनांच्या घरात. रस्ता मोकळा आहे का ते बघायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा. हे ऐकवताना ह्यांचे डोळे असे चमकत की, घोडे मिळाले असते तर ह्यांनी तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधले असते.

मी एकच विचारलं, “ह्या डॉक्टरांना वाटेत आत्या होती का?”

ह्यांनी उत्तर दिलं नाही. पण त्या प्रश्नातच आमच्या प्रवासाचं सगळं भविष्य होतं.

गाडी नऊ दिवसांसाठी भाड्याने घेतली. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली. मागे डबल बेड, मधे बेसिन, इंडक्शन शेगडी आणि गुडघ्याएवढा फ्रीज, कोपऱ्यात संडास, डोक्यावर एसी. बाहेरच्या अंगाला रंगवलेले डोंगर, सूर्य आणि उडणारे पक्षी, म्हणजे गुपचूप कुठून निघून जायची सोय नाही. गाडीबरोबर ड्रायव्हर आला. सासवडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी मेतकूट, भडंग, मुगाची डाळ आणि दोघांपुरता छोटा कुकर भरून घेतला. दोघांपुरती खिचडी गाडीत शिजवायची, पाय पसरून खायची, कुणी वाढायला नाही, कुणी “अजून घ्या” म्हणायला नाही. माझं कॅराव्हॅनचं स्वप्न एवढंच होतं.

मार्ग सरळ होता. सातारा, कराड, कोल्हापूर, गगनबावड्याहून खाली कोकणात, मालवण, चिपळूण आणि परत. तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याची चूक ह्यांनी केली. दहा मिनिटांत सांगलीच्या काकूंचा फोन. “आम्ही वाटेवर नाही म्हणे?” मी म्हटलं, “काकू, हायवेपासून आत येतं ना ते.” त्या म्हणाल्या, “पेठ नाक्याला डावीकडे वळायला तुमच्या ड्रायव्हरचा हात दुखतो का?” हे लिहीपर्यंत त्यांचा राग गेलेला नाही.

साताऱ्याला मामेबहिणीकडे फक्त जेवायला थांबायचं होतं. खंबाटकी चढून गाडी तिच्या दारात लागली आणि अर्धी गल्ली गोळा झाली. तिथे मला पहिल्यांदा कळलं की कॅराव्हॅन हा आपल्या लोकांच्या लेखी प्रवास नसून नवा फ्लॅट असतो. सगळ्या बाया चपला पायरीखाली काढून आत आल्या. ओट्यावरून हात फिरवला. ड्रॉवर ओढून बघितले. एकीने टाकीत पाणी किती राहतं ते विचारलं, दुसरीने वास्तुशांत केली का ते. मग कुणीतरी हळू आवाजात “आणि... ते कुठंय?” म्हणालं, मी कोपऱ्यातलं दार उघडलं, आणि स्वयंपाकापासून अडीच फुटांवर ‘ते’ बघून सगळ्या गप्प झाल्या. पुढच्या नऊ दिवसांत ही शांतता मी सतरा वेळा अनुभवली. निघताना बहिणीने माझी ओटी भरली. नारळ, ब्लाउजपीस आणि वर कंदी पेढ्यांचे दोन पुडे.

कराडला ह्यांची आत्या. वय चौऱ्याऐंशी, आवाज चाळिशीतला. हे नम्रपणे म्हणाले, “आत्या, आम्ही रात्री गाडीतच झोपणार आहोत. तुला त्रास नको.”

आत्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, “काय गं, भांडून आलाय काय माझ्यावर?” मग ह्यांच्याकडे वळली. “एवढं सोळा खणांचं घर रिकामं पडलंय आन् तू रस्त्यावर झोपणार? उद्या गावात तोंड दाखवू का नको मी?”

ह्यांनी तडजोड काढली. दुपारी तासभर तरी गाडीत पडू, एसी लावू. त्यासाठी घरातून वीज घ्यायची होती. गाडीबरोबर लांबलचक वायर होतीच. ती खिडकीतून आत घेतली. आत्याच्या घरी गिझर नाही, बंब आहे, त्यामुळे मोठ्या पिनेचं सॉकेट घरात कधी बसवलेलंच नाही. जे होतं ते टीव्हीचं. ह्यांनी कन्व्हर्टर जोडला, एसीचं बटण दाबलं. एसीने एक मोठा श्वास घेतला. पाठोपाठ माजघरातून “अगं बाई!” ऐकू आलं. फ्यूज गेला होता. आत्याची मालिका अशा जागी तुटली की नायिकेच्या कपात विष आहे हे फक्त आत्याला माहीत होतं. वायरमन संध्याकाळी आला. तोवर आम्ही अंधाऱ्या माजघरात हाताने वारा घेत बसलो, आणि रात्री सोळा खणांपैकी दोन खणांत, आत्याच्या लग्नातल्या पलंगावर झोपलो.

ड्रायव्हरलाही आत्याने सोप्यात गादी घातली होती. तो म्हणाला, “नको आज्जी, गाडी सोडता येत नाही. जबाबदारी असते.” आणि मागच्या डबल बेडवर जाऊन झोपला.

हे मी त्या वेळी नीट लक्षात घेतलं नाही.

कोल्हापूरला माझी धाकटी बहीण. तिच्या मुलाची दहावीची परीक्षा चालू होती. ती परीक्षा संपेपर्यंत त्या घरात कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून होतात. मला वाटलं, इथे तरी आपल्याला गाडीत राहू देतील. बहीण म्हणाली, “वेडी आहेस का? तुम्ही घरात राहा. ह्याला गाडीत अभ्यासाला बसवते. तिथे टीव्ही नाही, मोबाइल नाही, एसी आहे.” तिच्याकडे गिझर होता, सॉकेट होतं. पोरगं भूमितीची वही घेऊन आमच्या बेडवर दोन दिवस लोळलं. आम्ही हॉलमधल्या दिवाणावर. मेहुणे तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या वाट्या अशा भरत होते की, दोन साडू एकाच घरचे जावई झाले ते ह्या वाट्यांसाठीच. नारळ नंबर पाच, ब्लाउजपीस नंबर चार, गुळाची एक अख्खी ढेप.

आता त्या संडासाबद्दल सांगणं भाग आहे. अशा गाडीतल्या संडासाखाली एक पेटी असते. वीसेक लिटरची, घट्ट झाकणाची. गाडीच्या बाहेरच्या अंगाला छोटं दार असतं, ते उघडून पेटी ओढून काढायची आणि घरच्या संडासात नेऊन रिकामी करायची. नेणाऱ्याला अवघड वाटू नये म्हणून तिला दोन चाकं आणि वर ओढायची मूठ दिलेली असते. त्यामुळे ती हुबेहूब विमानात न्यायच्या बॅगेसारखी दिसते. आम्ही ती वापरायची नाही असं ठरवलं होतं. पण गगनबावड्याहून घाट उतरताना कोल्हापूरच्या रश्शाचं मत वेगळं पडलं.

मालवणला माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या घराकडे जाते ती दोन गडग्यांमधली पाणंद. ह्यांच्या हिशेबाने गाडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरत होती, फक्त बोटं कुणाची ते ठरायचं होतं. मैत्रिणीचे यजमान “येऊ दे, येऊ दे” करत उलटे चालत होते. एकाने बांबूने आंब्याची फांदी वर धरली होती, दुसऱ्याने केबलची तार. एवढं करून गाडी खळ्यात शिरल्यावर यजमानांना मी “आम्ही गाडीतच झोपू” म्हटलं, तर आतून त्यांच्या आईचा आवाज आला, “कित्याक? घर पडला काय?”

ह्यांनी ती पेटी हळूच काढून पायरीपाशी ठेवली आणि मागच्या दारी जागा बघायला गेले. तेवढ्यात मैत्रिणीचा मुलगा बाहेर आला. मुंबईत नोकरी करणारा, सुट्टीवर आलेला, अत्यंत संस्कारी मुलगा. पाहुण्यांची बॅग उन्हात आहे हे त्याला बघवलं नाही. त्याने ती उचलली, ओटीवरून माजघरात, माजघरातून आमच्या खोलीत नेली आणि पलंगाशेजारी नीट उभी करून वर धुतलेला टॉवेल घडी घालून ठेवला. हे आत आले आणि जागच्या जागी थिजले.

“काका, बॅग बरीच जड आहे हो. पुस्तकं आहेत का?”

“नाही,” हे म्हणाले, “खात्यातली जुनी कागदपत्रं आहेत.”

ह्याहून खरं उत्तर ह्यांनी नोकरीत कधी दिलं नसेल.

ओल्या काजूगरांची उसळ पानात होती. एरवी आयुष्यभर जीव अडकवावा अशी ती गोष्ट, पण आमचं निम्मं लक्ष त्या खोलीत. रात्री दीडला, घर झोपलंय असं बघून, आम्ही उठलो. ह्यांनी मूठ धरली, मी मोबाइलचा उजेड. लादीवर ती दोन चाकं खड् खड् खड् करत निघाली. रात्री दीडला, कोकणातल्या शांततेत, तो आवाज आगगाडीएवढा होता. उचलून न्यावी तर ह्यांची कंबर. माजघराच्या उंबऱ्यापाशी पोचलो आणि दिवा लागला. मैत्रीण समोर उभी. तिने ह्यांच्या हातातली बॅग बघितली, माझ्या हातातला उजेड बघितला, आणि तिचे डोळे भरून आले.

“निघालात? असे रात्रीचे? अगं, आमचं काय चुकलं ते तरी सांग.”

मग सगळं सांगावं लागलं. ती हसत हसत जी खाली बसली ती सासूबाई उठून आल्या तरी उठेना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. सकाळी आमच्या खोलीला फिनेलचा वास येत होता. कुणी काही बोललं नाही. ओटी मात्र दोनदा भरली गेली, एकदा मैत्रिणीकडून आणि एकदा सासूबाईंकडून. शिवाय कोकमं, मालवणी मसाला आणि खाजा.

ह्यानंतर मी निक्षून सांगितलं, एक रात्र आपली पाहिजे. कुणाच्या दारात नाही. देवगडकडे जाताना कुणकेश्वरच्या देवळापासून जरा लांब, समुद्र दिसेल अशी जागा धरली. सूर्य बुडत होता, ड्रायव्हर पाय मोकळे करायला गेला होता, मी कुकर चढवला. दोन शिट्ट्या झाल्या आणि अंधारातून बॅटरीचा झोत आला. मागे एक म्हातारेबुवा.

“खंयचे?”

“पुण्याचे.”

“ता खरा. पण मूळ खंयचे?”

इथे गप्प बसायचं असतं. ह्यांनी खरं सांगितलं. मग आडनाव, मग आजोळ, आणि चौथ्या प्रश्नाला असं निघालं की मालवणच्या मैत्रिणीच्या शेजारच्या घरात ह्या बुवांची लेक दिलेली आहे. म्हणजे आम्ही तिचे शेजारी, म्हणजे बुवांचे पाहुणे. तिसरी शिट्टी झाली नाही. कुकर तसाच उचलून त्यांच्या घरी नेला, तिथल्या आजींनी झाकण उघडून आत बघितलं, “आजारी आसत?” एवढंच विचारलं आणि बांगडे तळायला घेतले. आम्ही त्यांच्या पडवीत झोपलो. समुद्राची गाज येत होती, हे कबूल करते. गाडी तिथेच किनाऱ्याशी, समुद्राकडे तोंड करून. आत ड्रायव्हर.

“स्टेबल्ससाहेबांचा कोचमन कुठे झोपायचा हो?” मी अंधारात विचारलं. हे घोरत असल्याचं नाटक करत होते.

चिपळूणजवळच्या गावात ह्यांचे चुलत भाऊ. तिथे शिमगा चालू होता आणि ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरत होती. आमच्या दिरांच्या घरी ती दुपारी यायची होती. आली सकाळीच. अंगणाच्या तोंडाशी आमची गाडी, समोरून ढोल, सनई, गुलाल आणि अख्खा गाव. मागे घ्यायला जागा नाही, पुढे घ्यायला वेळ नाही. पालखी थांबली. पालखी थांबली म्हणजे गाव थांबलं. मानकरी पुढे आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, दारातून आत डोकावले.

“ह्यात राहता तुम्ही?”

“हो,” हे म्हणाले. वस्तुस्थिती अशी होती की सातव्या दिवसापर्यंत आम्ही त्यात दुपारची डुलकीही काढली नव्हती.

“चूल आहे आत?”

“आहे.”

“मग हे घरच झालं की. घर चुकवून पालखी पुढं जात नाही.”

आणि देवीची पालखी आमच्या गाडीच्या पायरीला लागली. आता ओटी भरायला हवी. दीर घरात नारळ शोधायला धावले. मी त्यांना थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मुबलक सामग्री होती. साताऱ्याचा नारळ, कोल्हापूरचं ब्लाउजपीस, आत्याचे तांदूळ. हिरव्या काठाचं एक चांगलं खणाचं कापड निघालं, ते मी स्वतःसाठी ठेवणार होते, पण देवीपुढे हिशेब करू नये. मग गावकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. ही लेकरं पोटासाठी बिऱ्हाड चाकांवर घालून देशोदेशी फिरतायत, त्यांच्या वाटेतली इडापिडा टळू दे, आणि पुढच्या शिमग्याच्या आत त्यांना पक्कं घर होऊ दे. सगळा गाव एका आवाजात ओरडला, “होय महाराजा!” आमच्या पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते बारा वर्षांपूर्वी फिटलेत. पण मी हात जोडले.

परतताना कुंभार्ली घाट चढला की कोयनानगर, पाटण आणि मग कराड. दुसरा रस्ता धरायला हवा होता. पाटण सोडलं तेवढ्यात आत्याचा फोन, “दूध वाढवून घेतलंय.” पाटणला आत्याच्या पुतण्याच्या मेव्हण्याने डोंगर-सूर्य ओळखला होता. ह्या खेपेला फ्यूजच्या जागी नवीन जाड तार होती आणि एसी चालायला लागला. त्यात आत्या झोपली. दीड तास. उठल्यावर म्हणाली, “ब्येस हाय की. तुम्ही का झोपत नाही ह्यात?”

पुण्यात पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. गाडी सकाळी परत करायची होती. चौदा नारळ, अकरा ब्लाउजपीस, गुळाची ढेप, कोकमं आणि एक भोपळा, जो कुणी दिला ते आजतागायत कळलेलं नाही, हे सगळं वर नेऊन झालं. हे खिडकीशी उभे राहून खाली बघत होते. भाड्याचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही, पण तो ह्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

“आजची रात्र आहे अजून,” हे म्हणाले. “इथे आत्या नाही, कुणी नाही. आपली सोसायटी, आपलं पार्किंग.”

खरं सांगते, मलाही वाटलं. उशा घेतल्या, लिफ्टने खाली आलो, गाडीचं दार हळूच सरकवलं. मागच्या बेडवर ड्रायव्हर नुकताच आडवा झाला होता. सासवडला जायला उशीर झाला होता, आणि सकाळी गाडी न्यायची त्यालाच होती. तो धडपडत उठून बसला. “काय झालं मॅडम? काही राहिलं का?”

आम्ही दोघं उशा छातीशी धरून उभे. काय सांगणार? आणि मग माझ्या तोंडून, मला थांबवता यायच्या आत, निघून गेलं.

“अहो दादा, एवढं घर असताना तुम्ही गाडीत कशाला झोपताय? चला वर!”

तो नऊ दिवस सगळ्यांना नाही म्हणाला होता. आत्याला, माझ्या बहिणीला, मालवणच्या सासूबाईंना. तेव्हा मला वाटलं, आताही म्हणेल. पण त्याने वॉचमनकडे बघितलं, बंद फाटकाकडे बघितलं, सतरंजीची घडी केली आणि म्हणाला, “बरं. इथं काही भीती नाही गाडीला.”

हॉलमध्ये त्याला गादी घालून दिली. मला वाटत होतं, आता आपण खाली जाऊ. पण पाहुणा घरात आणि यजमान पार्किंगमध्ये, हे काही बरं दिसेना. हे काहीच न बोलता उशा परत आत घेऊन गेले.

सकाळी चहा घेताना मी ड्रायव्हरला विचारलं, “झोप लागली ना नीट?”

“लागली तशी,” तो म्हणाला. “पण मॅडम, गाडीतल्या झोपेची मजा वेगळीच असते.”